निळा ब्लेझर : कापडाची आणि शिवणीची पारख

वक्तृत्वाच्या चढाओढींत, क्रीडासामन्यांच्या प्रसंगीं, पदवीदानाच्या दिवशीं किंवा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीस जातांना अंगांत घालावयाचा गर्द निळा, पितळी बटणांचा कोट आपल्या बहुतेक वाचकांस पाहून ठाऊक आहे. त्यास ब्लेझर म्हणतात. मध्यम स्थितींतील कुटुंबांत असा कोट वारंवार शिवला जात नाहीं. मुलगा किंवा मुलगी वरच्या इयत्तेंत गेली म्हणजे केव्हां तरी एकदां तो शिवावयाचा, त्यासाठीं घरांतील दुसरा एखादा खर्च मागें ठेवावयाचा, आणि वस्तु घरीं आली कीं ती पुष्कळ वर्षें टिकावी अशी अपेक्षा करावयाची, असा सर्वत्र क्रम असतो. परंतु कापड घेतांना मात्र दुकानदार जें ठाण उलगडील तेवढेंच आपण पाहतों, आणि शिंपी जें विचारील तेवढ्यासच उत्तर देतों. पुढें वर्षाच्या आंत बाह्या आंखूड होतात, पहिल्याच पावसांत छातीवर कापडास फोड येतात, कोपरांवर तेलकट चकाकी चढते, आणि एवढ्या खर्चाचा कोट कपाटांत टांगलेला राहतो. अशा वेळीं दैवास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. थोडी माहिती आधीं असती तर हा तोटा बहुतेक टळला असता. ती माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस व्हावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम नांवाविषयीं. इंग्रजींत धगधगणें या अर्थाचें जें क्रियापद आहे त्यावरून ब्लेझर हा शब्द आला. केंब्रिज विद्यापीठांतील सेंट जॉन्स कॉलेजाच्या विद्यार्थ्यांनीं १८२५ मध्यें लेडी मार्गारेट बोट क्लब या नांवाचें नौकामंडळ स्थापन केलें. या मंडळाचे वल्हेकरी लालभडक फ्लॅनेलचे कोट घालीत, आणि त्या निखाऱ्यासारख्या रंगामुळें कोटास हें नांव पडलें. म्हणजे मुळांत ब्लेझर निळा नव्हता, तांबडा होता. पुढें इतर नौकामंडळें, क्रिकेटमंडळें व शाळा यांनीं आपआपल्या रंगांचे, कित्येकदां उभ्या पट्ट्यांचे कोट करविले, आणि त्या सर्वांस तेंच नांव लागलें. १८८९ मध्यें केंब्रिजच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें लंडनच्या वर्तमानपत्रांत पत्र लिहून तक्रार केली कीं, आमच्या वेळीं या शब्दाचा अर्थ त्या मंडळाचा तांबडा कोट एवढाच होता. आतां कोणत्याही रंगाच्या कोटास लोक तेंच म्हणूं लागले आहेत.

निळ्या ब्लेझराचें कूळ याहून निराळें आहे. इंग्लंडच्या आरमारांतील अधिकाऱ्यांस १७४८ मध्यें गणवेश ठरवून देण्यांत आला. त्याचा रंग गर्द निळा होता, आणि त्यावरूनच या छटेस नेव्ही ब्लू असें म्हणण्याचा प्रघात पडला. समुद्रावरील गार वाऱ्यापासून रक्षण व्हावें म्हणून खलाशी जो आंखूड, जाड, बटणांच्या दोन रांगा असलेला निळा कोट घालीत त्यास रीफर म्हणत. नदीवरचा खेळाडूंचा कोट आणि समुद्रावरचा खलाशांचा कोट या दोहोंच्या मिलाफानें आजचा निळा ब्लेझर सिद्ध झाला. ब्लेझर याच नांवाच्या एका लढाऊ जहाजाच्या कप्तानानें आपल्या खलाशांस पट्ट्यांचे निळे कोट दिले व त्यावरून हें नांव निघालें, अशीही एक कथा सांगतात. परंतु शब्दाच्या इतिहासाचा भक्कम पुरावा केंब्रिजच्या बाजूचा आहे.

हा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, त्यावरून ब्लेझराचें लक्षण ध्यानांत येतें. सुटाचा कोट व विजार हीं दोन्हीं एकाच ठाणांतून कापलेलीं असतात. ब्लेझर मात्र निराळ्या विजारीवर, बहुधा करड्या किंवा पांढऱ्या विजारीवर, घालावयाचा असतो. म्हणून त्याच्या कापडाचा पोत डोळ्यांस जाणवणारा पाहिजे, आणि बटणें कापडाहून उठून दिसणारीं पाहिजेत. सुटाचें गुळगुळीत तलम कापड घेऊन त्याच्या कोटास सोनेरी बटणें लावलीं, तर विजार हरवलेल्या सुटासारखें तें दिसतें. कापड पाहतांना ही पहिली कसोटी.

आतां रंग घेऊं. नीळ आणि आपला देश यांचा संबंध फार जुना आहे. नीळ या अर्थाच्या ‘इंडिगो’ या इंग्रजी शब्दांतच हिंदुस्थानचें नांव दडलेलें आहे. निळीच्या पिंपांतून काढलेली लोकर प्रथम पिवळसर हिरवी दिसते, आणि हवा लागतांच पाहतां पाहतां निळी होते. असें अनेक वेळां केलें म्हणजे गर्द छटा येते. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील गिरण्यांस लागणारी पुष्कळशी नीळ बंगाल व बिहार येथून जात असे, आणि ती पिकविणाऱ्या रयतेवर मळेवाल्यांचा जुलूम होत असे. १८५९ मध्यें बंगालच्या शेतकऱ्यांनीं नीळ पेरण्याचें नाकारून उठाव केला. दीनबंधु मित्र यांनीं १८६० मध्यें या जुलुमावर ‘नीलदर्पण’ हें नाटक लिहिलें. त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल जेम्स लाँग या मिशनरी पाद्र्यास १८६१ मध्यें एक हजार रुपये दंड व एक महिना तुरुंगवास भोगावा लागला. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनीं तेथल्या तेथें भरली. पुढें १९१७ मध्यें चंपारण येथें महात्मा गांधींनीं निळीच्याच प्रश्नावर सत्याग्रह केला. तत्पूर्वीं १८९७ मध्यें जर्मनींतील बी. ए. एस. एफ. या कारखान्यानें रासायनिक नीळ बाजारांत आणली होती व झाडाच्या निळीचा व्यापार त्यामुळें ओसरूं लागला होता. आज लोकरीचें गर्द निळें कापड बहुतकरून इतर रासायनिक रंगांनीं रंगविलेलें असतें. तरी या रंगामागें आपल्याच शेतकऱ्यांचा घाम आहे, हें तो कोट घालणाऱ्या विद्यार्थ्यास ठाऊक असावें.

रंगाची निवड दुकानांतील दिव्याखालीं कधींही करूं नये. ठाण दारापर्यंत आणवावें. तें उन्हांत पाहावें, सांवलींत पाहावें, आणि शेजारीं एखादें खरोखर काळें कापड धरावें. काळ्याच्या शेजारीं जो निळा स्पष्ट ओळखूं येतो, पण दुरून पाहतांना भडक वाटत नाहीं, तो योग्य. फार गडद छटा संध्याकाळीं काळी दिसते, आणि फार उजळ छटा बँडवाल्याच्या गणवेशाची आठवण करून देते. नंतर पांढऱ्या रुमालाचें टोंक ओलें करून कापडावर चांगलें घांसावें. रुमालास निळा डाग लागला तर तें कापड सोडून द्यावें. कारण पुढें घामानें तोच रंग पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर उतरणार. दोन भावंडांचे कोट एकाच वेळीं शिवावयाचे असतील तर कापड एकाच ठाणांतून घ्यावें. निळा रंग प्रत्येक घाण्यास किंचित बदलतो, आणि तो फरक दोघें जवळ उभीं राहिलीं म्हणजे दिसतो.

कापडाची पारख करण्यापूर्वीं लोकरीचा गुण समजून घेतला पाहिजे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर आंखूड व भरड असते. तिची घोंगडी पावसास व थंडीस पुरून उरते. पण ती अंगास टोंचते, आणि कोटाच्या घडीस लागणारा मऊपणा तिच्यांत नसतो. कोटाचें कापड मुख्यतः मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचें असतें, व ही लोकर ऑस्ट्रेलियांत विपुल होते. तिचा केंस बारीक व स्वभावतः कुरळा असतो. त्या कुरळेपणामुळें चुरगळलेलें कापड पुन्हां सरळ होतें, आणि धाग्यांच्या पोकळींत हवा सांठून राहते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल शोषून घेते, तरी हातास ओली लागत नाहीं. म्हणून विरळ विणीचें लोकरी कापड आपल्या हवेंतही सुसह्य होतें. अंगाचा घाम तें शोषून घेतें व हळूहळू बाहेर सोडतें. निव्वळ पॉलिएस्टरच्या कापडास हें साधत नाहीं, आणि तो कोट अंगांत घातल्यावर थोड्याच वेळांत कोंडल्यासारखें होतें.

लोकरीचें सूत दोन रीतींनीं काढतात. लोकर विंचरून, आंखूड केंस वेगळे करून, लांब केंस समांतर ठेवून पीळ दिला म्हणजे जें गुळगुळीत व बळकट सूत होतें त्यास वर्स्टेड म्हणतात. नुसती पिंजून, आडवेतिडवे केंस तसेच ठेवून काढलेलें सूत फुगीर, मऊ व उबदार होतें. या दोन सुतांपासून, आणि ताण्याबाण्याच्या निरनिराळ्या विणींपासून, ब्लेझराचीं मुख्य चार कापडें तयार होतात.

पहिलें सर्ज. हें वर्स्टेड सुताचें असून बाण्याचा धागा ताण्याच्या दोन धाग्यांवरून व दोन धाग्यांखालून जातो, आणि प्रत्येक ओळीस एक धागा पुढें सरकतो. त्यामुळें दोन्ही अंगांस तिरप्या रेषा दिसतात. कापड बळकट, घडीस नीट व शाळेच्या धकाधकीस योग्य असतें. त्याचा एक मोठा दोष असा कीं, कोपरें व पाठ जेथें बांकावर घांसतात तेथें केंस दबून चकाकी येते. दुसरें फ्लॅनेल. तें पिंजलेल्या सुताचें, लवदार व दिसण्यांत भारदस्त असतें, आणि इतिहासाच्या दृष्टीनें ब्लेझराचें खरें कापड तेंच. पण मुंबईच्या किंवा कोंकणच्या हवेंत तें वर्षाचे थोडेच दिवस घालतां येतें. महाबळेश्वर किंवा पांचगणी येथील वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांस तें उपयोगी पडेल. तिसरें हॉपसॅक. हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें ज्या जाड्याभरड्या पोत्यांत भरीत त्यांच्या विणीवरून हें नांव आलें. यांत ताण्याचे व बाण्याचे धागे जोडीजोडीनें विणलेले असल्यामुळें कापड बारीक चटईसारखें दिसतें. धाग्यांमधून वारा खेळतो, आणि पोत डोळ्यांस स्पष्ट जाणवतो. उष्ण प्रदेशांत ब्लेझरास याहून योग्य कापड क्वचितच सांपडेल. मात्र खिळा, बांकाची सळ किंवा दप्तराचें बक्कल अडकलें कीं त्याचा धागा बाहेर ओढला जातो. चौथें ट्रॉपिकल. हें साध्या विणीचें, चांगला पीळ दिलेल्या वर्स्टेड सुताचें, हलकें व कोरडें लागणारें कापड असतें. पोत थोडा सपाट असला तरी उन्हाळ्यांतील समारंभास तें सोयीचें असतें.

यांतून निवड कशी करावी? जो विद्यार्थी कोट रोज शाळेंत घालणार, त्यास मध्यम वजनाचें सर्ज बरें. जो केवळ समारंभांस, स्पर्धांस व मुलाखतींस घालणार, त्यास हॉपसॅक बरें. कापडाचें वजन अवश्य विचारावें. दीड मीटर पन्ह्याच्या कापडाचा एक मीटर २५० ते २८० ग्रॅम, म्हणजे आठनऊ औंस, भरला तर तें आपल्याकडे वर्षाचा बराच काळ चालतें. ३७० ते ४०० ग्रॅमचें कापड थंड देशांस योग्य. याच्या उलट फार हलकें कापड पहिल्या दिवशीं सुखकर वाटतें, पण खिशांतील वह्यापेनांच्या ओझ्यानें लौकरच लोंबूं लागतें. प्रौढ माणसाच्या कोटास दीड मीटर पन्ह्याचें सुमारें दोन मीटर कापड लागतें.

ठाणाच्या किनारीवर सुपर १००, सुपर १२० असे आंकडे छापलेले असतात, आणि मोठा आंकडा म्हणजे अधिक टिकाऊ कापड अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. तो आंकडा लोकरीच्या केंसाची बारीकी दाखवितो. सुपर १०० म्हणजे केंसाची जाडी सरासरीनें १८.७५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी. सुपर १२० म्हणजे १७.७५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आंकडा जसा वाढतो तसें कापड मऊ व महाग होतें, आणि घांसण्यास नाजुक होत जातें. शाळकरी मुलाच्या कोटास सुपर १०० च्या पुढें जाण्याचें कांहीं कारण नाहीं. पालकांनीं हे पैसे वांचवून चांगल्या शिलाईस द्यावेत.

शुद्ध लोकर परवडत नसेल तर लोकर व पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचें टेरीवुल घ्यावें. त्यांत लोकर निम्म्याच्या आसपास असेल तर तें कापड वाईट नव्हे. परंतु लोकर म्हणून सांगून निव्वळ पॉलिएस्टर कोणी गळ्यांत बांधूं नये म्हणून दोन परीक्षा ध्यानांत ठेवाव्यात. कापडाचें टोंक मुठींत घट्ट दाबून सोडावें. चांगलें लोकरी कापड थोड्याच वेळांत सुरकुत्या टाकून देतें. मग कडेचे दोनतीन धागे मागून घ्यावेत व घरीं वडील माणसांसमक्ष, पाण्याचें भांडें जवळ ठेवून, चिमट्यानें धरून जाळून पाहावेत. लोकर जळतांना केंस जळल्याचा वास येतो, आणि उरलेली राख बोटांनीं कुस्करली जाते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. मिश्र कापडांत हीं दोन्हीं लक्षणें दिसतात. चांगलें लोकरी कापड केवळ विलायतेंतच होतें असेंही कोणी समजूं नये. कानपुरास १८७६ मध्यें, पंजाबांतील धारीवालास १८८० मध्यें व आपल्या ठाण्यास १९२५ मध्यें लोकरीच्या गिरण्या निघाल्या, आणि तेव्हांपासून या देशांत कोटाचें कापड विणलें जात आलें आहे.

कापड घरीं आणल्यावर तें कापण्यापूर्वीं आटवून घेणें अवश्य आहे. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचें ठिगळ लावूं नये, लावल्यास तें वस्त्रास ओढून अधिकच फाडतें, असा शुभवर्तमानांत एक दृष्टांत आहे. त्याचा आध्यात्मिक अर्थ आपण उपासनेच्या वेळीं ऐकतों. त्यांतील व्यवहारज्ञानही तितकेंच खरें आहे. जुनें वस्त्र आटून स्थिर झालेलें असतें, कोरें कापड पहिल्या ओलीनें आटतें, आणि दोहोंच्या ओढाताणींत शिवण तुटते. कोटांतही तेंच घडतें. वरचें कापड आटलें आणि आंतील अस्तर आटलें नाहीं, तर अस्तर खालून डोकावूं लागतें व शिवणी आंवळतात. म्हणून ओल्या सुती कापडांत गुंडाळून, मग सांवलींत सपाट वाळवून, वाफेची इस्त्री केल्यावरच कापडास कात्री लावावी. शिंप्यास हें करण्याविषयीं आधींच सांगावें. कोटाच्या आंत घालावयाचें कॅनव्हास व सुती खिशांचें कापड हींही अशींच आटवून घ्यावींत.

आतां शिवणीकडे वळूं. कोटाचें अर्धें मोल आंत असतें. छातीचा आकार राहावा म्हणून वरच्या कापडाच्या मागें घोड्याचे केंस व सूत यांचें विणलेलें कॅनव्हास हातटांक्यांनीं बसविण्याची जुनी रीत आहे. हल्लीं बरेच कोट आंतून डिंकासारख्या थरानें चिकटविलेल्या अस्तराचे असतात. तें काम लौकर व स्वस्तांत होतें. पण ओल व उष्णता यांनीं तो थर जागोजागीं सुटला म्हणजे छातीवर फोड दिसूं लागतात, आणि ते पुन्हां नीट बसत नाहींत. संपूर्ण कॅनव्हासाचा खर्च झेपत नसेल तर निदान छातीपुरतें कॅनव्हास घालावयास सांगावें. अस्तर पाठीच्या वरच्या अर्ध्या भागासच लावावें. खालची पाठ मोकळी ठेवून आंतील शिवणींच्या कडा पट्टीनें बांधून घ्याव्यात, म्हणजे कोट थंड राहतो. बाह्यांस मात्र अस्तर पाहिजे, नाहीं तर कोट अंगांत चढत नाहीं. अस्तर व्हिस्कोसचें किंवा कपाशीच्या आंखूड तंतूंपासून होणाऱ्या क्युप्रोचें असावें. पॉलिएस्टरचें अस्तर लोकरीचा सारा गुण फुकट घालवितें.

आकाराविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. बटणांची एक रांग असलेला, दोन बटणांचा कोट सर्वांस शोभतो. त्याचें वरचें बटण लावावें व खालचें मोकळें सोडावें. दोन रांगांचा कोट रीफरचा वारस असून तो नेहमीं बंद ठेवावयाचा असतो, म्हणून उष्ण हवेंत त्रास देतो. शिवाय बटणें सरकविण्यास त्यांत फारसा वाव नसल्यानें वाढत्या मुलास तो उपयोगाचा नाहीं. मुलींच्या कोटास बटणें डाव्या अंगास लावण्याची चाल आहे. खिसे वरून शिवलेले, म्हणजे कापडाचा चौकोन बाहेरून जोडलेले, हें ब्लेझराचें जुनें लक्षण. ते बळकटही असतात. कॉलरची दुमडलेली पट्टी फार रुंद किंवा फार अरुंद ठेवूं नये; अशी पट्टी दोन वर्षांत जुनी दिसूं लागते. मागें एक किंवा दोन चिरा ठेवाव्यात, म्हणजे बसतांना कापड ताणत नाहीं.

बटणें पितळेचीं, म्हणजे तांबें व जस्त यांच्या मिश्रधातूचीं, असावींत. समोरचें बटण पाऊण इंचाहून किंचित मोठें व बाहीवरचें त्याहून लहान असावें. हातांत घेऊन वजन पाहावें; सोनेरी मुलाम्याचें प्लास्टिक हलकें लागतें व त्याची कड लौकर पांढरी पडते. ज्यांस चमक नको असेल त्यांनीं म्हशीच्या शिंगाचीं तपकिरी बटणें किंवा शिंपल्याचीं बटणें लावावींत, तींही शोभतात. छातीच्या खिशावर शाळेचें चिन्ह जरीनें किंवा रेशमानें भरलेलें असतें. तें थेट खिशावर न भरतां वेगळ्या तुकड्यावर भरून मग टांकावें, म्हणजे शाळा सोडल्यावर तें काढून ठेवतां येतें व कोट पुढें चालतो. सैन्याचीं किंवा ज्या संस्थेशीं आपला संबंध नाहीं तिचीं चिन्हें असलेलीं बटणें बाजारांत मिळतात. तीं लावूं नयेत. न मिळविलेला मान अंगावर मिरविणें हें सभ्य माणसाचें काम नव्हे.

वाढत्या मुलाच्या कोटाविषयीं पालकांस विशेष सांगावयाचें आहे, कारण पैसा बहुधा येथेंच बुडतो. पुष्कळ जण दोन मापें मोठा कोट शिवून घेतात. मूल पहिलीं दोन वर्षें त्यांत बुडून जातें, लाजतें व कोट घालण्याचें टाळतें. कोटाचे कोणते भाग पुढें वाढवितां येतात व कोणते येत नाहींत, हें आधीं जाणून घ्यावें. खांदा मागाहून दुरुस्त करणें फार कठीण व खर्चाचें असतें. म्हणून खांदा अंगाबरोबर, फार तर अर्धा इंच सैल ठेवावा. बाहीच्या टोंकास आंत दीड ते दोन इंच कापड दुमडून ठेवावें. बगलेखालच्या व पाठीच्या शिवणींत प्रत्येकीं एक इंच जादा कापड सोडावें, आणि खालच्या कडेसही दोन इंच दुमड ठेवावी. बाहीवरच्या बटणांस काजें कापूं नयेत, बटणें नुसतीं वर टांकावींत. एकदां काज कापलें म्हणजे बाही वाढवितां येत नाहीं. एवढी तरतूद असली तर तोच कोट दोनतीन वर्षें मुलाबरोबर वाढतो. घडी उलगडल्यावर जुनी रेषा दिसते, ती ओल्या फडक्यावरून वाफेची इस्त्री फिरवून व ब्रशानें केंस उठवून बरीच लपवितां येते. तसेंच उरलेल्या कापडाचे तुकडे शिंप्याकडून मागून घ्यावेत. पुढें ठिगळ लावण्याची वेळ आली तर त्याच घाण्याचें कापड दुसरीकडे मिळत नाहीं.

कोट टिकविणें हें विद्यार्थ्याचें स्वतःचें काम आहे. तो रोज घालावयाचा असेल तरी घरीं येतांच रुंद खांद्याच्या हँगरवर वाऱ्यास लावावा, व कपड्याच्या ब्रशानें धूळ झाडावी. खिसे रिकामे करावेत. वारंवार ड्रायक्लीन करणें हितावह नाहीं. वर्षांतून एकदोन वेळां पुरे. डाग पडल्यास तेवढीच जागा थंड पाण्यानें टिपावी. पावसाळा हा लोकरीचा शत्रु. ओला कोट कपाटांत ठेवला कीं बुरशी येते, आणि कसर लागते ती बहुधा घामट, मळक्या कापडास आधीं लागते. लोकर खाते ती कसरीची अळी. उडणारा पतंग खात नाहीं. म्हणून जूनपूर्वीं कोट स्वच्छ करून, थोडा वेळ ऊन दाखवून, सुती पिशवींत घालून ठेवावा, व पाऊस उघडेल त्या दिवशीं बाहेर काढून झटकावा. प्लास्टिकच्या पिशवींत ओल कोंडते.

शेवटीं, हा कोट प्रत्येक घरीं झालाच पाहिजे असें मात्र नाहीं. तो थंड देशांतून आलेला पोशाख आहे. स्वच्छ धुतलेला व इस्त्री केलेला पांढरा सदरा कोणत्याही परीक्षकापुढें कमी ठरत नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपल्या वडिलांची शिकवण येथेंही लागू आहे. कर्ज काढून शिवलेला ब्लेझर मुलाच्या खांद्यावर कापडापेक्षां जड होतो. पण ज्यांस तो शिवावयाचाच आहे त्यांनीं वरील कसोट्या लावून एकदांच चांगला शिवावा. चांगल्या लोकरीचा, आंत कापड राखून ठेवलेला कोट एका मुलापुरता नसतो. त्याचें अस्तर बदलतां येतें, बटणें बदलतां येतात, चिन्ह उसवून काढतां येतें. थोरल्याचा तो धाकट्यास येतो, आणि धाकट्यासही आंखूड झाला म्हणजे शेजारच्या एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या अंगावर मुलाखतीच्या दिवशीं चढतो. कापड घेतांना दारापर्यंत ठाण नेऊन उन्हांत पाहिलेल्या त्या पांच मिनिटांचें फळ इतकें दूरवर पोंचतें, हें पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.